काडी, नळी आणि सांधा : अरविंद गुप्ता यांच्या रचनाखेळण्यांचा आढावा

मुलाच्या हाती सुटे भाग द्यावेत, ते एकमेकांना जोडण्याची एखादी रीत द्यावी आणि त्यांतून काय उभे करायचे हे त्यालाच ठरवू द्यावे, अशा खेळण्याला प्रस्तुत लेखात ‘रचनाखेळणे’ म्हटले आहे. बाहुली, भोवरा किंवा चावीची मोटार ही तयार रूपात हाती येतात. रचनाखेळण्याचे रूप मात्र खेळण्यापूर्वी अस्तित्वात नसते आणि खेळ संपला की ते पुन्हा मोडता येते. या खेळण्यांचा इतिहास सांगताना बहुधा त्यांच्या सामग्रीचा, म्हणजे लाकूड, पत्रा व प्लास्टिक यांचा क्रम लावला जातो. तथापि ज्या गोष्टीवरून मुलाला काय शोधता येईल आणि काय येणार नाही हे ठरते ती सामग्री नसून सांधा होय, म्हणजे दोन भाग ज्या ठिकाणी आणि ज्या प्रकारे एकत्र धरले जातात ती जागा. अरविंद गुप्ता यांनी १९७८ च्या सुमारास मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून जे खेळणे सिद्ध केले, त्याचे महत्त्वही सांध्याच्या अंगाने पाहिल्यावरच नीट उमगते. त्याच्या स्वस्तपणाचे जे कौतुक नेहमी होते ते योग्य असले तरी अपुरे आहे.

बालवाडीच्या कल्पनेचे जनक फ्रीडरिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे बालकांसाठी खेळ-उद्योगाची संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. त्यांनी मुलांसाठी क्रमवार साहित्य तयार केले होते व त्याला ते ‘देणग्या’ म्हणत. लोकरीचा चेंडू, लाकडी गोल, घन, दंडगोल आणि घनाचे तुकडे करून केलेले ठोकळे या पहिल्या देणग्या सर्वत्र ठाऊक आहेत. परंतु याच मालिकेत पुढे भिजवलेले वाटाणे आणि टोकदार काड्या यांचेही एक काम होते, ज्यात वाटाण्यात काड्या खोचून मुले घरे, पूल आणि मनोरे करीत. ठोकळे केवळ वजनाने एकमेकांवर टिकतात, त्यामुळे ठोकळ्यांची रचना खालून वर अशीच वाढते. वाटाणा मात्र काडीला हवेत धरून ठेवतो आणि त्यामुळे पोकळ, सांगाड्याची रचना प्रथमच बालकाच्या आवाक्यात येते. पुढे जिओडेसिक घुमटासाठी, म्हणजे त्रिकोणांच्या जाळीतून उभ्या राहणाऱ्या गोलाकार छतासाठी, जगभर प्रसिद्ध झालेले अमेरिकन रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांनी आपल्या विचाराचे मूळ लहानपणी बालवाडीत वाटाणे आणि काड्या यांनी केलेल्या एका सांगाड्यात असल्याचे सांगितले आहे. त्यांची दृष्टी त्या वयात अतिशय अधू असल्यामुळे चौकोनी घरे पाहून नक्कल करण्याऐवजी हाताला जे घट्ट लागले ते त्यांनी धरले, आणि घट्ट लागला तो त्रिकोण. वाटाण्याच्या सांध्याची उणीव मात्र स्पष्ट होती. ओला असताना तो ढिला असतो, सुकल्यावर पक्का होतो, आणि एकदा पक्का झाला की काडीचा कोन बदलता येत नाही व वाटाणा पुन्हा वापरता येत नाही.

लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये ज्या संचाचे एकस्व (पेटंट) घेतले आणि जो पुढे ‘मेकॅनो’ या नावाने जगभर गेला, त्यात अर्ध्या इंचाच्या अंतराने भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट होते. येथे सांधा हा खऱ्या यंत्रशाळेतला होता, आणि म्हणून मेकॅनोने मुलांना चाके, दांडे, कप्प्या आणि दंतचक्रे यांचे यंत्रशास्त्र शिकवले. कित्येक अभियंत्यांनी आपल्या व्यवसायाचे बीज याच पेटीत शोधले आहे. १९१४ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स पाजो यांनी बाजारात आणलेल्या ‘टिंकरटॉय’मध्ये लाकडी चकत्यांना ठरावीक कोनांवर भोके होती, म्हणून काडी फक्त त्याच कोनांत बसे. डेन्मार्कमधील बिलुंड येथील लेगो कंपनीच्या ज्या विटेचे एकस्व २८ जानेवारी १९५८ रोजी नोंदवले गेले, तिने सांधा घर्षणाच्या पकडीवर आणला. तो जोडायला सोपा व सोडवायला त्याहून सोपा, पण मूळ विटेत कोन काटकोनाचाच राहिला. या सर्व खेळण्यांना भारतात मिळालेला वर्ग मोजका होता. मेकॅनोच्या धर्तीवरील ‘मेकॅनिक्स’ संच शहरी मध्यमवर्गीय घरांत पोहोचले, तरी एक भाग हरवला तर तो गावच्या दुकानात मिळत नाही ही अडचण कायम राहिली. पेटी महाग असते ती केवळ किमतीने नव्हे. तिच्यातली वस्तू हरवेल या भीतीने शाळेच्या कपाटाला कुलूप लागते, आणि साहित्य असूनही मुलाच्या हाती येत नाही, हा तिच्या महागपणाचा दुसरा आणि अधिक घातक अर्थ आहे.

भारतीय बालशिक्षणाने या अडचणीचा विचार फार आधी सुरू केला होता. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे केले व पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी माँटेसरीच्या महागड्या साहित्याऐवजी बिया, शंख-शिंपले, खडे, पाने आणि काड्या वापरून तीच उद्दिष्टे साधण्याचा पद्धतशीर प्रयत्न केला, आणि मराठी बालशिक्षणाचे हे मोठे श्रेय आहे. मात्र हे काम प्रामुख्याने इंद्रियशिक्षण, मोजणी आणि वर्गीकरण यांच्यासाठी होते. जोडून उभे करण्याची रचना त्यात दुय्यम राहिली. तशी रचना लोकपरंपरेत होतीच. खानदेश, निमाड आणि मराठवाड्यातील मुले ज्वारीच्या वाळलेल्या धाटाची साल काढून, आतल्या मऊ गाभ्याचे तुकडे करून आणि सालीच्या काटक्या त्यात खुपसून बैलगाड्या, माड्या आणि औते करीत आली आहेत. गाभा हा सांधा आणि साल ही काडी, दोन्ही एकाच धाटातून निघालेली, असे हे खेळणे बारकाईने पाहिले तर फ्रोबेलच्या वाटाण्यांच्या कामाचे सख्खे भावंड ठरते. शाळेने त्याची दखल घेतली नाही, कारण ते सुगीनंतरच्या मोकळ्या दिवसांचे आणि शेतातले होते, व शेतातले ज्ञान वर्गात आणण्याची रीत नव्हती.

अरविंद गुप्ता यांचा जन्म १९५३ मध्ये उत्तर प्रदेशातील बरेली येथे झाला. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी १९७५ मध्ये घेऊन ते पुण्याला टेल्को या मालमोटारी बनवणाऱ्या कारखान्यात रुजू झाले. विद्यार्थिदशेतच त्यांनी संस्थेच्या खानावळीतील कामगारांच्या मुलांना शिकवले होते, आणि मूलभूत संशोधनाची नोकरी सोडून खेड्यातील शिक्षणाकडे वळलेले शास्त्रज्ञ अनिल सद्गोपाल यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला होता. १९७८ मध्ये त्यांनी कारखान्यातून वर्षभराची रजा काढली आणि सद्गोपाल यांच्या ‘किशोर भारती’ या संस्थेत, होशंगाबाद जिल्ह्यातील बनखेडी येथे, ते जाऊन राहिले. त्यानंतर त्यांनी नोकरी कायमची सोडली. सत्तरच्या दशकातील शिक्षित तरुणांच्या एका पिढीने असे निर्णय घेतले. त्यांतील अनेकांचे काम संघटना, आरोग्य किंवा कायदा यांच्या वाटेने गेले, गुप्ता यांचे हाताच्या बोटांच्या वाटेने गेले.

त्यांना जी भूमी मिळाली ती आधीच नांगरलेली होती हे येथे सांगणे आवश्यक आहे, कारण एकट्या शोधकाच्या कथा लिहिताना ती भूमी नेहमी वगळली जाते. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १९७२ मध्ये राज्य शासनाच्या परवानगीने होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, विज्ञान शिकवण्याचा नवा कार्यक्रम सुरू केला. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम या नावाने ओळखल्या गेलेल्या या प्रयत्नात मुले चार-चारच्या गटांत बसून स्वतः प्रयोग करीत, निरीक्षणे लिहीत आणि निष्कर्षावर वर्गात चर्चा करीत. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात उत्तरे छापलेली नसत, प्रश्न आणि कृती असत. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती व प्रात्यक्षिकाचीही परीक्षा होई. विच्छेदनाच्या सुईऐवजी बाभळीचा काटा वापरावा असे येथेच ठरले. १९७८ मध्ये हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात पसरला आणि १९८२ मध्ये त्याच्या विस्तारासाठी ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली. गुप्ता ज्या वर्षी बनखेडीला पोहोचले ते वर्ष नेमके विस्ताराचे होते: शेकडो शाळांना साहित्य हवे होते, आणि ते असे हवे होते की तुटले तर गुरुजींनी जिल्ह्याच्या ठिकाणी अर्ज न करता आठवडी बाजारातून आणावे.

सायकलच्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर जी बारीक काळी रबरी नळी चढवलेली असते आणि जिला दुकानदार व गिऱ्हाईक दोघेही वालट्यूब म्हणतात, तिचे छिद्र इतके अरुंद असते की आगकाडी त्यात ताणूनच शिरते आणि शिरल्यावर सहज निसटत नाही. गुप्ता यांच्या शोधाचे मर्म या एका मापात आहे. दीड-दोन सेंटिमीटरचा नळीचा तुकडा घेऊन दोन्ही टोकांतून एकेक काडी सारली की दोन काड्यांचा सांधा होतो, आणि रबर लवचीक असल्यामुळे त्या काड्यांमधला कोन शून्यापासून एकशेऐंशी अंशांपर्यंत कुठेही ठेवता येतो. या सांध्याच्या मध्यावर काट्याने भोक पाडून तिसरी काडी खुपसली की तीन काड्यांचा सांधा मिळतो. एका तुकड्याला आडवे भोक पाडून त्यातून दुसरा तुकडा ओवला की चार टोकांचा, आणि तिसरा ओवला की सहा टोकांचा सांधा तयार होतो. पाच काड्या हव्या असतील तर एक टोक मोकळे राहिले तरी बिघडत नाही. काड्यांचे गुल आधी खरवडून टाकायचे, एवढीच दक्षता. सर्व काड्या सारख्या लांबीच्या असल्यामुळे लांबी मोजण्याचा प्रश्न सुटतो आणि मुलाचे सगळे लक्ष आकाराकडे राहते.

या सांध्याने कोणती भूमिती उघडते हे सविस्तर पाहण्याजोगे आहे. तीन काड्या आणि तीन सांधे यांचा त्रिकोण केला तर सांधे लवचीक असूनही तो ढळत नाही. चार काड्यांचा चौरस मात्र बोटाने ढकलताच कलंडून समभुज चौकोन होतो, आणि पंचकोन तर कुठल्याही बाजूला लोळतो. चौकोनात एक कर्ण घातला की तो ताठ होतो, पंचकोनाला दोन लागतात. मुलाने चार-पाच आकृत्यांवर हे करून पाहिले की त्याच्या हाती एक नियम येतो: सपाट आकृतीत जितके सांधे असतील त्यांच्या दुपटीतून तीन वजा केले म्हणजे ती ताठ होण्यासाठी किमान किती काड्या हव्यात ते कळते. तीन सांध्यांना तीन, चारांना पाच, पाचांना सात. स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६४ मध्ये सांगाड्यांच्या दृढतेविषयी जो हिशेब मांडला तो हाच आहे, आणि घनाकृतींसाठी त्याचे रूप सांध्यांच्या तिपटीतून सहा वजा असे होते. चार सांधे आणि सहा काड्या यांचे चतुष्फलक, सहा सांधे आणि बारा काड्या यांचे अष्टफलक, बारा सांधे आणि तीस काड्या यांचे विंशतिफलक, या तिन्हींत हिशेब तंतोतंत जुळतो आणि तिन्ही आकृत्या टेबलावर खणखणीत उभ्या राहतात. घनाचे मात्र आठ सांधे आहेत, म्हणजे अठरा काड्या हव्यात, आणि कडा बाराच आहेत. म्हणून काड्यांचा घन हातात घेतला की तो गळून पडतो आणि सहा पृष्ठांवर सहा कर्ण घातल्यावरच सावरतो. आजूबाजूच्या जगात सर्वांत घट्ट वाटणारा आकार खोक्याचा असतो, आणि तोच येथे सर्वांत लेचापेचा निघतो. पुस्तकात वाचून हा धक्का बसत नाही. पत्र्याच्या शेडची कैची, रेल्वेपुलाचे बाजूचे तिरपे दांडे, विजेचा मनोरा आणि गवंड्याच्या पहाडातील आडवी-तिरकी बांधलेली वेळूची काठी यांची कारणे मुलाला या एका पडणाऱ्या घनापासून समजत जातात.

मेकॅनोची पट्टी एका प्रतलात फिरते, टिंकरटॉयचा कोन भोकाने ठरवलेला असतो, लेगोची वीट काटकोन सोडत नाही. या सर्वांत आकृती ताठ राहते ती सांध्याच्या ताकदीने, त्यामुळे त्रिकोण आणि चौकोन यांच्यातला फरक मुलाला जाणवतच नाही. रबरी नळीचा सांधा दुबळा आहे, आणि दुबळा असल्यामुळेच आकृतीला स्वतःच्या बळावर उभे राहावे लागते. शिक्षणाच्या दृष्टीने गुप्ता यांच्या शोधातील हा सर्वांत मौल्यवान गुण आहे, आणि तो किमतीशी संबंधित नाही. खेळणे स्वस्त नसते तरीही या गुणासाठी ते स्वीकारावे लागले असते.

हा शोध निराधार आकाशातून पडला असे मानण्याचे कारण नाही. वाटाणे-काड्यांची परंपरा वर आलीच आहे. शिवाय दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांतील शाळांसाठी युनेस्कोने घडवलेल्या पुस्तिकेतून पुढे १९५६ मध्ये विज्ञानशिक्षकांसाठीचा जो संदर्भग्रंथ निघाला, त्याने घरगुती वस्तूंपासून उपकरणे करण्याचा विचार जगभर पोहोचवला होता. गुप्ता यांनी स्वतः या ऋणांचा उल्लेख मोकळेपणाने केला आहे, आणि इतरांच्या कल्पना त्यांच्या नावासह पुढे पोहोचवणे हा त्यांच्या लेखनाचा स्थायीभावच आहे. दुसरी एक दुरुस्ती अधिक महत्त्वाची आहे. त्यांच्या कामाला ‘कचऱ्यातून खेळणी’ हे बिरूद चिकटले असून नंतरच्या पुष्कळ खेळण्यांना ते लागूही पडते. परंतु आगकाड्यांच्या या संचातील नळी आणि काड्या या दोन्ही नव्या विकत घेतलेल्या वस्तू होत्या. त्यांचे वैशिष्ट्य त्या टाकाऊ असण्यात नव्हते. त्या सर्वत्र उपलब्ध, एकसारख्या मापाच्या आणि बदलता येण्याजोग्या होत्या. कचऱ्याच्या बिरुदामुळे गरीब मुलांसाठी गरीब साहित्य असा एक समज रुजतो, आणि मग जिल्हा परिषदेच्या शाळेला टाकाऊ व खासगी शाळेला विकाऊ अशी वाटणी होते. तो समज या कामावर अन्याय करणारा आहे.

होशंगाबादनंतर गुप्ता यांनी केरळात वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांच्याकडे काही काळ घालवला आणि छत्तीसगडमधील दल्ली राजहरा येथे शंकर गुहा नियोगी यांच्या खाणकामगार संघटनेबरोबरही ते राहिले. घराचे साहित्य घरापासून पाच मैलांच्या आत मिळावे, या गांधीजींच्या अपेक्षेवर बेकर यांनी आपली बांधणी उभी केली होती. खेळण्याचे साहित्य चालत जाण्याच्या अंतरावर मिळावे हा गुप्ता यांचा आग्रह तिच्याशी सहज जुळणारा आहे. आगकाड्यांच्या रचनांवरील त्यांचे पहिले पुस्तक दहाहून अधिक भारतीय भाषांत गेले. पुढे ‘कबाड़ से जुगाड़’सारख्या, एकलव्यने काढलेल्या पुस्तकांतून दोन सेफ्टी पिना, सेल, चुंबक आणि तांब्याची तार यांची मोटर, कागदाच्या घड्यांच्या टोप्या, शीतपेयाच्या नळीची पिपाणी अशी शेकडो खेळणी आली. ही सर्वच रचनाखेळणी नव्हेत. त्यांतील बरीचशी एकाच तत्त्वाचे दर्शन घडवणारी उपकरणे आहेत, आणि त्यांच्या प्रसिद्धीत आगकाड्यांची मूळ रचना काहीशी झाकली गेली. दूरदर्शनवरील विज्ञानविषयक चित्रफितींमुळे त्यांचे नाव सर्वदूर झाले. मुलांमध्ये विज्ञानप्रसार करण्यासाठीचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार त्यांना १९८८ मध्ये आणि पद्मश्री २०१८ मध्ये मिळाली.

मराठी वाचकाच्या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीचा सर्वांत जवळचा टप्पा २००३ ते २०१४ हा पुण्याचा. जयंत नारळीकर यांनी उभारलेल्या आयुका या खगोलशास्त्रीय संस्थेच्या आवारात पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून मुक्तांगण विज्ञान शोधिका सुरू झाली आणि गुप्ता यांनी तेथे विदुला म्हैसकर, अशोक रूपनेर, मनीष जैन या सहकाऱ्यांसह खेळणी करण्याची, ती चित्रित करण्याची आणि शाळांच्या मुलांना हाताळायला देण्याची एक अखंड कार्यशाळा चालवली. खेळण्यांच्या चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत झाल्या, हजारो पुस्तके महाजालावर विनामूल्य ठेवण्यात आली, आणि कोणत्याही खेळण्याचे एकस्व घेतले गेले नाही. हॉर्नबी आणि लेगो यांचा वारसा कारखान्याच्या रूपाने मोजता येतो. लिव्हरपूलचा मेकॅनोचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला तेव्हा त्या वारशाचा एक मोठा आधार तुटलाही. गुप्ता यांच्या खेळण्याला असा आधारच नसल्यामुळे तो तुटण्याची भीती नाही, पण त्याच कारणाने त्याची देखभाल करणाराही कोणी एक नाही. वस्तू मुक्त झाली की ती सर्वांची होते, आणि जे सर्वांचे आहे ते वर्गात नियमाने चालू ठेवण्याची जबाबदारी निश्चित करावी लागते.

ही जबाबदारी निश्चित न झाल्याचे परिणाम दोन ठिकाणी दिसतात. पहिले ठिकाण स्वतः होशंगाबाद होय. सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचलेला तेथील विज्ञान कार्यक्रम, साऱ्या राज्याला एकच पाठ्यक्रम हवा या भूमिकेतून, राज्य शासनाने २००२ मध्ये बंद केला, आणि शिक्षकांची तीन दशके घडवलेली फळी त्याबरोबर विखुरली. रबरी नळी आणि काड्या बाजारात तशाच मिळत राहिल्या. त्या वापरण्याची मुभा देणारी तासिका, परीक्षा आणि प्रशिक्षण मात्र उरले नाही. साहित्य टिकले आणि व्यवस्था गेली, या घटनेचा विचार या विषयावर लिहिणाऱ्यांनी पुरेसा केलेला नाही. दुसरे ठिकाण म्हणजे एक दिवसाच्या कार्यशाळा. पाहुणा येतो, तासाभरात वीस खेळणी दाखवतो, टाळ्या पडतात; अशा कार्यक्रमात सेफ्टी पिनेची मोटर शोभून दिसते, परंतु काड्यांचा घन पडण्यासाठी, तो का पडला याविषयी वाद होण्यासाठी आणि सहावा कर्ण घालेपर्यंत धीर धरण्यासाठी लागणारा वेळ तिथे नसतो. रचनाखेळणे दाखवता येत नाही, ते करू द्यावे लागते, आणि एकाच मुलाने ते पुन्हा पुन्हा करावे लागते.

समांतर प्रयत्नांची नोंद येथे थोडक्यात पुरे. राष्ट्रीय डिझाइन संस्थेचे सुदर्शन खन्ना यांनी भारतातील लोकखेळण्यांची शास्त्रीय नोंद केली; मुंबईत विवेक मोंतेरो यांच्या पुढाकाराने ‘नवनिर्मिती’ने आणि दिल्लीत ‘जोडो ज्ञान’ने गणितासाठी जोडणीचे संच घडवले, आणि त्यांतील शीतपेयाच्या नळ्यांचे सांगाडे आगकाड्यांच्या रचनेचे मोठ्या मापातील नातेवाईक आहेत. २०१६ पासून केंद्र शासनाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांत त्रिमिती मुद्रणयंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक भाग यांसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान दिले जाते, तर २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर खेळण्यांवर आधारित अध्यापनाचाही पुरस्कार होऊ लागला आहे. दोन्ही स्वागतार्ह आहेत. मात्र जेथे अठरा काड्यांचा घन कोणी केलेला नाही तेथे यंत्राने छापलेला घन मुलाला काही शिकवील असे मानता येत नाही.

या साऱ्याची परीक्षा जेथे घेता येईल अशी एक जागा बुऱ्हाणपूर ही आहे. २००३ मध्ये खंडव्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा प्रशासनाने मध्य प्रदेशात आहे, तापीच्या खोऱ्याने आणि घरातल्या बोलीने तो खानदेशाशी बांधलेला आहे. शहापूर-इच्छापूरकडच्या गावांत मराठी ऐकू येते, तर शाळा बहुतांशी हिंदीत चालते. ज्या लोहमार्गावर बुऱ्हाणपूर आहे तोच एका अंगाने भुसावळकडे आणि दुसऱ्या अंगाने खंडवा, हरदा, इटारसीमार्गे पिपरिया व बनखेडीकडे जातो, म्हणजे गुप्ता यांच्या कामाची पुणे आणि होशंगाबाद ही दोन्ही टोके येथून रेल्वेने गाठता येतात. शेजारच्या रावेर तालुक्यातील खिरोदा येथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सत्तरच्या दशकातच ग्रामीण शाळांतील विज्ञानाध्यापनाचा प्रकल्प राबवला होता. हिंदीतील एकलव्यची पुस्तके आणि मराठीतील ‘शैक्षणिक संदर्भ’सारखे नियतकालिक, दोन्ही येथील शिक्षकाला अनुवादाविना वाचता येतात, ही सोय भोपाळच्या शिक्षकाला सहसा नाही.

साहित्याचा प्रश्न मात्र नव्याने सोडवावा लागेल. नव्या सायकलींच्या व्हॉल्व्हला रबरी नळी लागत नाही, त्यामुळे वालट्यूबची मागणी घटत चालली आहे. निमाडच्या उन्हाळ्यात रबर लवकर चिरते. आणि मेणकाड्या वाकत असल्यामुळे लाकडी आगकाडीच शोधावी लागते. दुसरीकडे केळीच्या बागांमुळे ठिबक सिंचनाच्या बारीक नळ्यांचे तुकडे गावोगाव पडलेले असतात, तुरीच्या तुऱ्हाट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या दर वर्षी जळणात जातात, आणि यंत्रमागांच्या वस्तीत सुताच्या रिकाम्या कांड्या ढिगाने मिळतात. ठिबकची नळी पॉलिथिलीनची असते, ती रबराप्रमाणे ताणली जात नाही, म्हणून नळीतून नळी ओवून चार-सहा टोकांचा सांधा करण्याची मूळ युक्ती तिच्यावर चालणार नाही. दोन तुकडे मध्यावर दोऱ्याने किंवा बारीक तारेने बांधून तो करावा लागेल, आणि काड्यांची लांबी सारखी कापून घेण्याचे जे काम काडेपेटीच्या कारखान्याने फुकट करून दिले होते ते येथे मुलांना पट्टीने करावे लागेल. त्यात वेळ जाईल आणि मोजणीतल्या चुकांमुळे पहिली काही चतुष्फलके वाकडी होतील. सातवीच्या वर्गात त्रिकोणाचे गुणधर्म शिकवण्यासाठी वेळापत्रकात जे तास आधीच राखलेले आहेत, त्यांतील दोन या वाकड्या चतुष्फलकांना द्यावेत आणि वार्षिक परीक्षेतील एक प्रश्न फळ्यावरच्या आकृतीऐवजी हातातल्या सांगाड्यावर विचारावा, एवढा बदल करणे मुख्याध्यापक आणि जिल्हा शिक्षण कार्यालय यांच्या अधिकारात असून त्यासाठी वेगळ्या अनुदानाची गरज नाही.